सागवनातली जाळरेषा: आखणी, कापणी आणि जाळणी

जाळरेषा, म्हणजे वणव्याच्या हंगामाआधी कापून-जाळून मोकळा केलेला जमिनीचा पट्टा, वणवा अडवते, हा समज आधी डोक्यातून काढून टाकावा. सहा मीटरचा पट्टा अगदी लख्ख साफ असला, तरी वारा सुटल्यावर सागाचं एक पेटतं पान तो सहज ओलांडतं आणि पलीकडच्या पाचोळ्यात जाऊन पडतं. रेषेचा उपयोग वेगळा आहे. आगीचा जोर तिथे मोडतो, माणसांना उभं राहून लढायला जागा मिळते, आणि गरज पडली तर तिथूनच समोरून येणाऱ्या वणव्यावर उलट आग सोडता येते. म्हणून रेषा किती रुंद यापेक्षा ती कुठून कुठे जाते, शेवटची कधी झाडली आणि तिच्यावर माणसं किती वेळात पोचतात, हे जास्त महत्त्वाचं.

इथली माहिती विदर्भातल्या सागाच्या आणि मिश्र पानगळीच्या जंगलासाठी आहे. सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर आखणीची तत्त्वं हीच राहतात, पण तिथला वारा आणि वेळापत्रक वेगळं, त्यामुळे पुढच्या तारखा तिकडे जशाच्या तशा लावू नयेत.

आधी कागद

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. संरक्षित वनासाठी कलम 33 आहे, आणि अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 30 लागतं. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 5 ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, पण तो अधिकार म्हणजे काडी ओढायची परवानगी नव्हे. सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात जाळरेषा करायची असेल तर ग्रामसभेचा ठराव, कक्ष क्रमांकासह (कक्ष म्हणजे वन विभागाने क्रमांक दिलेला जंगलाचा तुकडा) नकाशा आणि जाळणीच्या संभाव्य तारखा वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी द्याव्यात, त्यांची लेखी संमती घ्यावी, आणि जाळणीच्या दिवशी वनरक्षक जागेवर असल्याशिवाय सुरुवात करू नये.

याला एक व्यावहारिक कारणही आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या आगीच्या सूचना उपग्रहावरून येतात आणि तुमची नियंत्रित जाळणीसुद्धा त्यात वणवा म्हणूनच दिसू शकते. आधी कळवलेलं नसेल तर वनपरिक्षेत्रातली अर्धी माणसं तुमच्याकडे धावत येतात आणि त्याच वेळी दुसरीकडे खरी आग लागली तर तिथे कुणी उरत नाही. शेजारच्या गावालाही आदल्या दिवशी सांगावं. शिवेवरचा तुकडा ‘तो त्यांचा’ म्हणून दोन्ही गावांनी सोडलेला असतो, आणि वणवा नेमका तिथूनच आत शिरतो.

आखणी: पायी फिरूनच

नकाशावर रेघ मारायला पाच मिनिटं लागतात, पण रेषा ठरवायची ती चालूनच. ऑक्टोबरमध्ये, गवत अजून हिरवं असताना, वनरक्षक आणि जंगलाची वाट माहीत असलेली दोन जुनी माणसं घेऊन पूर्ण हद्द फिरा. मोबाईलमधल्या जीपीएसवर वाट नोंदवत चला. आगी नेहमी कुठून येतात ते त्याच वेळी लिहून घ्या: मोहाची झाडं जिथे दाट आहेत, तेंदूची झुडपं आहेत, गुरांचा रस्ता जातो, रस्त्यालगत लोक थांबतात. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखाली लावलेली आग आणि तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग, ही विदर्भातल्या वणव्यांची नेहमीची कारणं आहेत. रेषेची पहिली मागणी त्या बाजूला आहे.

रेषेची दोन्ही टोकं न जळणाऱ्या गोष्टीत जाऊन संपली पाहिजेत: डांबरी रस्ता, नांगरलेलं शेत, तलाव, उघडा खडक. मधेच जंगलात संपणारी रेषा आग वळसा घालून ओलांडते, आणि रेषेवर उभी असलेली माणसं मागून घेरली जातात. इथे सगळ्यात जास्त फसवतो तो कोरडा नाला. ऑक्टोबरमध्ये त्यात पाणी असतं म्हणून टोक तिथे सोडलं जातं. फेब्रुवारीत तोच नाला कोरडा पडतो, दोन्ही काठांवरचा पाचोळा वाऱ्याने आत येऊन गुडघाभर साचतो आणि काठाचं गवत वाळून कोळ होतं. नाला टोक म्हणून धरायचा असेल तर त्याचं पात्रही जाळरेषेसारखंच झाडावं लागेल, हे आताच हिशेबात धरा.

डोंगरावर रेषा उताराच्या मध्यावर आडवी नेऊ नये. चढावर ज्वाला पुढच्या गवताला आधीच वाळवत जाते. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. रेषा धारेवर घ्या, आणि त्यातही धारेच्या किंचित पलीकडे, ज्या बाजूने आग चढणार नाही त्या उतारावर. आग माथ्यावर आली की तिचा जोर ओसरतो, म्हणून तिथे माणसं टिकतात. खिंडीतून आणि अरुंद घळीतून वारा जोराने वर ओढला जातो. या जागा टाळता येत नसतील तर तिथे रुंदी दुप्पट करा, पण माणूस उभा करू नका.

उतारावर आडवी रेषा घेण्यावाचून गत्यंतर नसेल तर तिच्या खालच्या कडेला हातभर खोल चर खणा आणि माती चराच्या खालच्या अंगाला टाका. पेटलेला ओंडका, बांबूचा खुंट, धुमसती शेणाची गोवरी उतारावरून गडगडत येते आणि पट्टा ओलांडून खाली जाते. चर असला तर ती तिथे अडकते.

रेषेला काटकोनी वळणं देऊ नका. कोपऱ्यात दोन बाजूंची झळ एका जागी येते आणि आग नेमकी तिथून उडी मारते. वळण गोलाकार घ्यायचं. वाटेत मोठं पोकळ झाड, वाळलेला उभा सांगाडा किंवा फुलून वाळलेलं बांबूचं बेट आलं, तर ते रेषेच्या कडेला ठेवू नका. रेषा दहा-पंधरा मीटर सरकवून असं झाड सुरक्षित बाजूला, आत खोल राहील असं बघा. पोकळ झाड एकदा आतून पेटलं की धुरांड्यासारखं चालतं आणि वरून ठिणग्या दूरवर फेकत राहतं.

रुंदी किती ठेवायची

पाऊलवाट आणि कक्षांमधल्या रेषांना तीन ते सहा मीटर पुरतात. जंगलाची बाहेरची हद्द, रस्त्याची कड आणि गावाकडची बाजू इथे सहा ते बारा मीटर ठेवा. माती उघडी करायच्या पट्टीचा अंदाज असा: शेजारच्या गवताची किंवा झुडपाची उंची मोजायची आणि त्याच्या किमान दीडपट पट्टी खरवडायची. गवत कमरेएवढं म्हणजे मीटरभर असेल तर दीड मीटर. ही सपाटीची गोष्ट झाली. चढावर वाढवावीच लागते. घाणेरी आणि रानतुळशीची दाटी असेल तर हे माप विसरा. घाणेरी ओली दिसली तरी आतल्या वाळक्या काटक्यांमुळे अचानक भडकते. रेषेपासून पाच मीटरपर्यंतची घाणेरी मुळासकट काढल्याशिवाय तिथे काडी लावू नये.

वेळापत्रक, आणि ते चुकतं कुठे

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. कापणी आणि जाळणी दोन्ही 15 फेब्रुवारीच्या आत संपायला हवी.

विदर्भात गाडी इथेच रुळावरून घसरते. नोव्हेंबरात पूर्वेकडे धान कापणी असते, यवतमाळकडे कापूस वेचणी, आणि मजूर मोकळे होतात तेव्हा डिसेंबर सरत आलेला असतो. तोवर गवत सगळीकडे सारखं वाळलेलं असतं. अशा वेळी बारा मीटरचा पट्टा पेटवणं म्हणजे दोन्ही बाजूंना तयार बारूद ठेवून मधे खेळ करणं. त्यावर जुना उपाय आहे तो दोन पट्ट्यांचा, आणि तो आजही सगळ्यात भरवशाचा आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस, धान कापणीच्या आधी, नियोजित पट्ट्याच्या दोन्ही कडांना दीड-दोन मीटरच्या दोन अरुंद पट्ट्या फक्त कापून ठेवायच्या. कापलेलं हिरवं गवत तिथेच पातळ पसरायचं. दोन-तीन आठवड्यांत ते वाळतं, पण आजूबाजूचं उभं गवत अजून ओलं असतं. त्या दिवसांत या अरुंद पट्ट्या जाळून घ्यायच्या. आग बाहेर जाऊ म्हणाली तरी हिरव्या गवतात विझते. मग डिसेंबर-जानेवारीत मधला भाग वाळला की तो जाळायचा, तेव्हा दोन्ही बाजूंना काळी कड आधीच तयार असते. मजुरीही कमी लागते, कारण पूर्ण रुंदी कापावी लागत नाही.

कापणी आणि सफाई

गवत जमिनीलगत कापा. झुडपांचे खुंट तिरके, टोकदार सोडू नका. धुरात पळताना तेच पायात घुसतात. कापलेला माल पट्ट्याच्या आत, मधोमध आणि पातळ पसरा. कडेला ढीग लावणं ही सगळीकडे दिसणारी चूक आहे: ढीग असतो तिथे ज्वाला दुप्पट उंच जाते आणि तीही नेमकी कडेवर. पट्ट्यातल्या चांगल्या झाडांच्या बुंध्याभोवती मीटरभर गोल झाडून घ्या. रेषेवर लोंबणाऱ्या वाळक्या फांद्या दोन मीटर उंचीपर्यंत छाटा. त्यासाठी उभं झाड तोडायची गरज नसते आणि तशी परवानगीही नसते.

ब्लोअर मिळाला तर सफाई फार लवकर होते, पण तो फक्त पाचोळा उडवतो. रुजलेलं गवत तसंच राहतं, म्हणून कापणी टळत नाही. पाचोळा एकाच बाजूला न ढकलता पट्ट्याच्या मध्यावर उभं राहून दोन्हीकडे पांगवा, आणि कडेला साचलेली ओळ दाताळ्याने विस्कटा. इंजिन थंड झाल्यावरच, उघड्या मातीवर पेट्रोल भरा. गरम सायलेन्सर पाचोळ्यावर टेकवला तर आग मशीनपासूनच सुरू होते.

वाघाच्या भागात कापणी उजाडल्यानंतर चांगल्या उन्हात सुरू करावी. खाली वाकून गवत कापणारा माणूस मागून माणसासारखा दिसत नाही. दर पाच-सहा जणांमागे एकाने काहीही न कापता उभं राहून चारी बाजूंना पाहत राहायचं. त्याची मजुरी वाया गेली असं कुणी म्हणू नये.

जाळणीचा दिवस

मेघदूत ॲपवर तालुक्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी पाहा, पण निर्णय जागेवर घ्या. हवेतली आर्द्रता 40 ते 60 टक्के असेल तर काम चांगलं होतं. 30 च्या खाली गेली की थांबा. पाचोळा मुठीत चुरल्यावर पीठ होत असेल तर तो फार कोरडा आहे. वाकून मग मोडत असेल तर योग्य.

वाऱ्यासाठी यंत्र नसलं तरी चालतं. चेहऱ्याला झुळूक लागते आणि पानं सळसळतात, हा ताशी सहा ते अकरा किलोमीटरचा वारा, जाळणीला हवा तसा. बारीक फांद्या हलू लागल्या, धूळ उठली, म्हणजे वीसच्या वर गेला, त्या दिवशी घरी जा. अगदी निवांत, धूर सरळ वर जातोय असा दिवसही चांगला नाही, कारण अशा वेळी वारा कुठून फिरेल ते सांगता येत नाही. वाऱ्याची एक ठरलेली दिशा असणं हे तो मंद असण्याइतकंच महत्त्वाचं.

सकाळी दव उतरेपर्यंत काही पेटत नाही, आणि अकरा ते तीन हवा कोरडी होत जाते, वारा भरकटतो. जानेवारीत दुपारी साडेतीन-चारनंतर सुरुवात केली तर दर तासाला परिस्थिती तुमच्या बाजूने होत जाते, आर्द्रता वाढते आणि ज्वाला बसत जाते. सकाळच्या जाळणीत उलट होतं, म्हणून आम्ही संध्याकाळचीच शिफारस करतो. डोंगराळ भागात सूर्य मावळल्यावर वारा उतारावरून खाली वाहू लागतो, तेव्हा उतारावरचा भाग त्याआधी संपवायचा. अंधारात जंगलात कुणी रेंगाळू नये. जेवढं अंतर उजेडात जाळून विझवून होईल तेवढंच हाती घ्या.

शंभर मीटरच्या तुकड्यासाठी किमान दहा माणसं लागतात: काडी लावणारा एक, पाण्याचे पंप दोघांकडे, झोडपणारे चार, रेषेच्या पलीकडे सुरक्षित बाजूला फिरून ठिणग्या शोधणारे दोन, आणि उंचावर उभं राहून सगळं पाहणारा मुकादम. काडी लावणारा एकच असावा. दोघातिघांनी आपापल्या अंदाजाने आग लावली की दोन ज्वाला एकमेकींना ओढतात, मधे उंच उठतात आणि त्यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला वाट उरत नाही.

शेतातला सोळा लिटरचा फवारणी पंप इथे उत्तम चालतो. त्यात तणनाशक वा कीटकनाशक वापरलेलं असेल तर तीनदा धुवा, कारण आगीवर फवारलेलं औषध धुराबरोबर छातीत जातं. पाण्यात थोडी कपडे धुण्याची पावडर विरघळवली तर पाणी पाचोळ्यावरून ओघळत नाही, आत मुरतं. झोडपण्यासाठी पानं भरपूर असलेल्या हिरव्या फांद्या घ्या. फांदी वरून जोरात आपटू नका. त्याने ठिणग्या उडतात. आगीच्या कडेवर दाबून जळलेल्या बाजूकडे ओढायची. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात चामडी बूट. नायलॉन वा पॉलिस्टर घातलेल्याला आगीजवळ पाठवू नये, ते वितळून कातडीला चिकटतं. माणशी चार-पाच लिटर पिण्याचं पाणी वेगळं ठेवा.

सुरू करण्याआधी आग्या मोहोळ शोधा. धूर लागला की आग्या माश्या माणसांवर तुटून पडतात, आणि धावायची दिशा एका बाजूने आगीने बंद केलेली असते. मोहोळ असलेल्या झाडाजवळचा तुकडा जाळू नका, फक्त झाडून घ्या. तितर, लावे, ससे अशा जिवांना निघायला वेळ मिळावा म्हणून आधी दोघांनी पट्टा आवाज करत चालून काढावा.

पहिली आग चाचणीची: वाऱ्याच्या पुढच्या टोकाला, म्हणजे धूर जिकडे जातो त्या कोपऱ्यात, तीन मीटरचा चौकोन. पाच मिनिटं बघा. ज्वाला गुडघ्याच्या वर जात नसेल, धूर ठरलेल्या दिशेने जात असेल तरच पुढे. अंदाज चुकला वाटलं तर हाच चौकोन विझवायचा आणि दिवस सोडून द्यायचा, त्यात कमीपणा नाही.

मग त्याच टोकाच्या काळ्या कडेला लागून आग लावायची, जेणेकरून ती वाऱ्याविरुद्ध, हळूहळू, मागे सरकत जळेल. असा आठ-दहा मीटर भाग काळा झाला की तीन-चार मीटर मागे येऊन दुसरी ओळ लावायची. ती वाऱ्याबरोबर पुढे जाते, पण समोर काळी जमीन असल्याने लगेच मरते. याच पद्धतीने ओळीमागून ओळ. उतारावर वाऱ्याऐवजी माथा धरायचा: सगळ्यात वरची कड आधी, मग खाली उतरत. खालून आग लावून ती वर चढू देणं कुणी ‘लवकर होतं’ म्हणून सुचवलं तर सरळ नकार द्या.

सगळ्यांना सुरुवातीलाच एक गोष्ट तोंडपाठ असली पाहिजे: पळायची वेळ आली तर जळून काळ्या झालेल्या जमिनीवर जायचं. गवतातून आणि चढावर पळायचं नाही. कुणाला भाजलं तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटं स्वच्छ थंड पाणी ओता. तेल, माती, टूथपेस्ट लावू नका. लगेच दवाखान्यात न्या.

विझवणी

नियंत्रित जाळणी निसटते ती बहुतेक वेळा ज्वाला विझल्यानंतर, दुसऱ्या दिवशी दुपारी. बुंध्याचं मूळ, वाळकं शेण, पडलेल्या सालईचा ओंडका आत धुमसत राहतो, वारा सुटला की ठिणगी उडते. दोन्ही कडांपासून दहा मीटर आतपर्यंतचं प्रत्येक धुमसतं उकरा, पाणी घाला, मातीत कालवा, पुन्हा पाणी घाला. नुसती कोरडी माती टाकून झाकलं तर निखारा आत दिवसेंदिवस टिकतो. शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहा, ऊब लागली तर काम बाकी आहे. दोन माणसं रात्री उशिरापर्यंत रस्त्याच्या बाजूला थांबवा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी दुपारी बारा ते तीन या वेळेत पूर्ण रेषेवर फेरी ठेवा.

नंतरचे चार महिने

जानेवारीत झालेली रेषा फेब्रुवारीअखेर पुन्हा पाचोळ्याने भरलेली असते, कारण सागाची पानगळ तोवर संपलेली नसते आणि मोहाची तर मार्चमध्ये चालू असते. निधी कापणी-जाळणीत संपवून टाकला की मार्चमध्ये झाडायला पैसे उरत नाहीत. अंदाजपत्रकातच तीन झाडण्या धरा: फेब्रुवारीअखेर, मार्चअखेर आणि तेंदू हंगामाआधी एप्रिलमध्ये. रस्त्याला आणि मोहाच्या झाडांना लागून असलेल्या भागात पंधरा दिवसांआड. मोह वेचणाऱ्यांशी भांडण्यापेक्षा त्यांच्या झाडाखालचा पाचोळा झाडून द्यावा किंवा जुनी नेट अंथरायला द्यावी. आग लावायचं कारणच मिटतं.

आगीच्या सूचनांसाठी भारतीय वन सर्वेक्षणाकडे मोबाईल क्रमांक नोंदवता येतो. सूचनेतलं ठिकाण काटेकोर नसतं. व्हीआयआयआरएस या उपग्रह-उपकरणाचा एक ठिपका 375 मीटरचा असतो, तेवढ्या परिसरात शोधावं लागतं. छोटी आग त्यात दिसतही नाही, म्हणून उंचावरचा राखणदार लागतोच. वणवा दिसला की महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक काम उरतं. उतारावरची रेषा खरवडून उघडी केलेली असते आणि पहिल्याच मोठ्या पावसात तिची घळ होते. तीव्र उतारावर दर दहा-पंधरा पावलांवर दगडांची किंवा फांद्यांची तिरकी ओळ लावून पाणी बाजूच्या जंगलात वळवा, आणि आडव्या रेषेखाली खणलेला चर बुजवा.